दोन खिडक्या, एकच रुग्ण

उत्तर बिहारमध्ये काळ्या आजाराच्या वॉर्डात मी काही वर्षं काढली. एचआयव्हीबाधित रुग्ण तिथे संख्येने थोडे असायचे, पण वेळ सगळ्यात जास्त त्यांच्याच खाटांपाशी जायचा. आता ठाणे जिल्ह्यात असतो. इकडे हा आजार नाही, तरी अधूनमधून एखाद्या तरुण डॉक्टरचा फोन येतो: "सर, भिवंडीत राहणारा बिहारी पेशंट आहे. तीन महिने ताप, प्लीहा बेंबीपर्यंत आलीय, एचआयव्ही पॉझिटिव्ह. काय करू?" फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगतो, तेच इथे सलग लिहितो आहे.

आधी थोडी ओळख. वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय, विदर्भाला चांदिपुरा मेंदूज्वरामुळे ठाऊक आहे. डासापेक्षा बरीच लहान, आणि धड उडताही न येणारी. तिचीच एक जात, फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस, गंगेच्या गाळाच्या प्रदेशात मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांत मुक्काम करते आणि लीशमॅनिया डोनोव्हनी हा परजीवी माणसाकडून माणसाकडे नेते. आपल्याकडे या आजाराचा साठा जनावरात नाही, माणसातच आहे. परजीवी प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेतल्या पेशींत घर करतो. महिनोन् महिने ताप राहतो, रक्त कमी होतं, पोट पुढे येतं आणि हातपाय काटक्यांसारखे होतात. उपचार झाला नाही तर रोगी सहसा वाचत नाही. देशातल्या चार राज्यांतले ५४ जिल्हे आणि ६३३ ब्लॉक या आजाराचे मानले गेले. त्यातले ४५८ ब्लॉक एकट्या बिहारमधले.

१. एक आजार सापडला की दुसरा शोधायचाच

काळा आजार ठरला की एचआयव्हीची चाचणी करायची, रुग्ण कोणीही असो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाटण्याच्या एका पाहणीत काळ्या आजाराच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांची एचआयव्ही चाचणी झाली होती. शंभरातले पाच ते सहा जण बाधित निघाले. त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याला एचआयव्ही आहे हे तिथेच पहिल्यांदा कळलं.

तोंडावळा बघून अंदाज बांधणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. ट्रक चालवणारा, सुरत-मुंबईला गवंडीकाम करणारा असला की चाचणी सांगायची, आणि पदर डोक्यावर घेतलेली, गावाबाहेर कधी न गेलेली बाई असली की सोडून द्यायची. ती बाई त्याच गवंड्याची बायको असते. चाचणी संमती घेऊनच करायची, आधी नीट बोलून करायची, पण सगळ्यांची करायची.

उलट बाजूही तितकीच खरी. एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर, असलेल्या माणसाला ताप आला, वजन उतरलं, की आपल्या मनात आधी टीबी येतो. ते बरोबरही आहे. पण माणूस त्या ५४ जिल्ह्यांपैकी एखाद्यातला असेल आणि टीबीच्या औषधांनी ताप हलत नसेल, तर विचार तिथेच थांबवू नये.

२. हात उजव्या जांघेजवळून वर न्या

पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. प्रत्यक्षात घाईचा डॉक्टर डाव्या बरगडीखाली बोटं खुपसतो, काही लागत नाही, आणि "प्लीहा नॉर्मल" असं लिहून मोकळा होतो. काळ्या आजारातली प्लीहा इतकी खाली उतरलेली असते की बोटं तिच्या कडेवर न पडता थेट तिच्या अंगावर पडतात, आणि ते पोटच वाटतं. म्हणून सुरुवात उजव्या जांघेच्या वरच्या बाजूने करायची आणि रुग्णाच्या प्रत्येक श्वासागणिक हात तिरका डावीकडे वर सरकवायचा. कड लागली की तिची खाच शोधायची. बरगडीपासून टोकापर्यंत किती सेंटिमीटर ते टेपने मोजून लिहायचं, कारण पुढच्या भेटीत तोच आकडा कामाला येतो.

एचआयव्ही असला की एक गोम आहे. काहींची प्लीहा फारशी वाढतच नाही, आणि परजीवी आतड्यात किंवा त्वचेत, भलत्याच जागी सापडतो. म्हणजे मोठी प्लीहा मिळाली तर संशय पक्का करायचा, पण ती मिळाली नाही म्हणून संशय सोडायचा नाही.

३. पट्टीला मर्यादा आहेत, आणि "गाव कोणतं?" ही तपासणीच आहे

आरके-३९ ची पट्टी हे मोठं वरदान आहे. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, वर द्रावणाचे थेंब टाकायचे, आणि काही मिनिटांत लाल रेघ उमटते. प्राथमिक आरोग्य केंद्रात, विजेशिवाय, आशाताईच्या समोर निदान होतं. पण ही पट्टी शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांना ओळखते. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचली असेल तर प्रतिपिंडंच पुरेशी नसतात, आणि आजार असून रेघ येत नाही. दुसरं म्हणजे, एकदा आजार होऊन गेला की बरं झाल्यावरही कित्येक वर्षं ती रेघ येतच राहते. त्यामुळे आजार उलटला आहे की नाही हे पट्टी सांगू शकत नाही. त्यासाठी मज्जेचा किंवा प्लीहेचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी प्रत्यक्ष पाहावा लागतो. प्लीहेत सुई घालण्याआधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची वेळ पाहायचीच. हात सरावलेला नसेल तर मज्जा घ्यावी.

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना मी एवढंच सांगतो की पत्ता विचारताना आधारकार्डावरचा विचारा. भिवंडी, तळोजा, चाकण हा कामाचा पत्ता झाला. छपरा, सिवान, मुजफ्फरपूर, वैशाली असं काही कानावर पडलं, आणि ताप, मोठी प्लीहा आणि तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी असं चित्र दिसलं, की ल्युकेमियाच्या संशयावरून काढलेली मज्जा पॅथॉलॉजिस्टला याही नजरेने बघायला सांगा. न सांगता ओळखणारे लोक आहेत, पण सांगितल्याने काही बिघडत नाही.

४. बाकीच्यांचं गणित या रुग्णांना लावू नका

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

एके काळी बिहारमध्ये अँटिमनीची इंजेक्शनं चालायची. कोलकात्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२० च्या दशकात युरिया स्टिबामाइन आणलं आणि लाखो लोक वाचले. पुढे त्याच जातीच्या औषधांना बिहारमधला परजीवी दाद देईना. एचआयव्हीबाधितांना तर ती औषधं स्वादुपिंड आणि हृदयावर उलटतात, त्यामुळे तो विषय संपला. मग लायपोसोमल अँफोटेरिसिन आलं. २०१४ पासून सरकारी कार्यक्रमात त्याचा एकच डोस देतात, किलोमागे १० मिलिग्रॅम. रुग्ण सकाळी येतो, सलाइन लागतं, आणि बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी जातो. एरवी निरोगी असलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

एचआयव्हीबाधिताला ते पुरत नाही. औषध परजीवींची संख्या खाली आणतं, उरलेल्यांचा निकाल शरीराची प्रतिकारशक्ती लावते. ती शक्तीच नसेल तर उरलेले पुन्हा वाढतात. पाटण्याच्या राजेंद्र स्मारक संशोधन संस्थेत १५० रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. निम्म्यांना फक्त अँफोटेरिसिन दिलं, किलोमागे एकूण ४० मिलिग्रॅम. बाकीच्या निम्म्यांना अँफोटेरिसिन किलोमागे एकूण ३० मिलिग्रॅम आणि जोडीला १४ दिवस मिल्टेफोसिन. सात महिन्यांनी आजार न उलटता जिवंत असलेले पहिल्या गटात ७५ पैकी ६४, दुसऱ्यात ७५ पैकी ७२. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या भागासाठी ही जोडी सुचवली. अँफोटेरिसिन किलोमागे ५ मिलिग्रॅम, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या दिवशी. मिल्टेफोसिन रोज १०० मिलिग्रॅम, १४ दिवस. पूर्व आफ्रिकेत मिल्टेफोसिन २८ दिवस द्यावं लागतं.

आता हे वॉर्डात कसं दिसतं ते पाहा. कुपी ५० मिलिग्रॅमची, आत पिवळी भुकटी. त्यात १२ मिली निर्जंतुक पाणी घालायचं आणि अर्धा मिनिट जोरात हलवायचं. नुसती फिरवून चालत नाही, गुठळी राहते. मग सोबत आलेल्या बारीक गाळणीतून गाळून ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडायचं. नॉर्मल सलाइनचा थेंबही नको, औषध फाटतं. आधीच्या रुग्णाचा सेट असेल, नळीत सलाइन उरलं असेल, तर ती नळी डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यायची. ४५ किलोच्या माणसाला एका डोसासाठी साडेचार कुप्या लागतात, म्हणजे पाच फोडायच्या. आमच्या सिस्टर त्या फोडताना कोणाला बोलू द्यायच्या नाहीत. मोजणी चुकते म्हणायच्या. औषध महाग आहे आणि कार्यक्रमाला बहुतांश दानात येतं, त्यामुळे सांडलेली कुपी सगळ्यांच्याच जिवाला लागते.

थोडं औषध आधी सोडून बघायचं. काहींना पाठीत कळ येते, हुडहुडी भरते. गती कमी केली की बहुधा निभतं. खरी नजर ठेवायची ती क्रिएटिनिन आणि पोटॅशियमवर. पोटॅशियम उतरलं की माणसाला उठून बसणं जड जातं आणि नातेवाईक म्हणतात, "सुई से कमजोर हो गया." आमचं हाजीपूर हे केळ्यांचं गाव, त्यामुळे केळी खायला सांगणं तिथे सोपं होतं. अर्थात केळ्यांवर भागत नाही, पोटॅशियमचं औषध द्यावंच लागतं.

५. मिल्टेफोसिन जेवणानंतर, आणि बाईमाणसाला आधी एक प्रश्न

उपाशीपोटी गोळी घेतली की ओकारी ठरलेली. आमच्याकडे सकाळची गोळी बरेच जण सत्तूचं पाणी पिऊन घ्यायचे आणि अर्ध्या तासात बाहेर काढायचे. डाळ-भात खाऊन, नर्सच्या समोर, असा नियम केल्यावर तक्रारी कमी झाल्या. गोळी उलटीतून पडली का हे विचारायचं असतं. रुग्ण आपणहून सांगत नाही, कारण त्याला वाटतं डॉक्टर रागावतील.

या औषधाने गर्भात व्यंग येऊ शकतं. म्हणून वयात आलेल्या प्रत्येक स्त्रीची गर्भचाचणी आधी, आणि उपचार चालू असताना व नंतरचे पाच महिने गर्भनिरोधन. उलट्या-जुलाब होत असतील तर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा नाही. सरकारी दवाखान्यात मिळणारं अंतरा इंजेक्शन बरं पडतं. हे बोलणं सासूसमोर होत नाही. वॉर्डातल्या एका ज्येष्ठ परिचारिकेकडे आम्ही ते सोपवलं होतं. ती भोजपुरीत, डोक्याला तेल लावता लावता बोलायची, आणि माझ्या अर्ध्या तासाच्या समुपदेशनात जे निघालं नसतं ते पाच मिनिटांत निघायचं.

६. दोन खिडक्या

काळ्या आजाराचं औषध एका कार्यक्रमाचं, एआरटी दुसऱ्या कार्यक्रमाची. वेगळी इमारत, वेगळी फाइल, वेगळा संगणक, आणि रुग्ण मात्र एकच. तो १०२ तापात, मोठं पोट घेऊन, या रांगेतून त्या रांगेत जातो. तिकडे विचारतात, "कालाजारचा कोर्स संपला का? मग या." इकडे विचारतात, "एआरटी सुरू झाली का?" या दोन प्रश्नांच्या मधे माणसं गेलेली आहेत.

काळा आजार झाला म्हणजे एचआयव्ही शेवटच्या टप्प्यात आहे असंच धरायचं, सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, कितीही असो. एआरटीसाठी कोर्स संपण्याची वाट पाहायची नाही. अँफोटेरिसिन सोसायला लागलं, अन्न पोटात राहू लागलं, की सुरू करायची. आजकालच्या गोळीत टेनोफोव्हिर असतं. तेही मूत्रपिंडांवर भार टाकतं आणि अँफोटेरिसिनही. म्हणून क्रिएटिनिनचा आकडा दोन्ही खिडक्यांना दिसला पाहिजे. तो चढला तर टेनोफोव्हिरच्या जागी अबाकाव्हिर घ्यायचं की काय, हे दोघांनी बोलून ठरवायचं. आमच्याकडे यावर फार थोर उपाय नव्हता. रुग्णाच्या एआरटीच्या हिरव्या पुस्तिकेतच काळ्या आजाराच्या डोसांच्या तारखा आणि क्रिएटिनिन लिहायचं, एवढंच ठरवलं होतं. पुस्तिका रुग्णाबरोबर फिरते, संगणक फिरत नाही.

७. तिसरा पाहुणा

टीबी. खोकला असो-नसो, शोधायचा. दोन आजारांनी पोखरलेल्या शरीरात तो बरेचदा लपलेला असतो, आणि आपण "काळा आजार सापडला, कारण मिळालं" म्हणून निर्धास्त होतो. सापडला आणि रिफॅम्पिसिन सुरू केलं तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. हे बदलायचं राहिलं की एआरटी नावापुरती उरते.

८. गावात काय सांगायचं, हे रुग्णाने ठरवायचं

बिहारच्या खेड्यात काळा आजार ही लाजेची गोष्ट नाही. गावात पूर्वी कोणा ना कोणाला झालेला असतो, मुख्यमंत्री राहत योजनेतून खात्यात पैसे येतात, आशाताईला रुग्ण आणल्याचा मोबदला मिळतो. एचआयव्हीचं नाव मात्र घरातही घेतलं जात नाही. त्यामुळे आमचे बरेच रुग्ण काळ्या आजाराचं पांघरूण घेऊन जगायचे. "फिर से कालाजार हो गया," एवढं वस्तीत सांगितलं की भागायचं.

गोची दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला व्हायची. शेजाऱ्याला एका डोसात बरं वाटलं, हाच का पुन्हा पुन्हा जातो? आशाताई चांगल्या हेतूने विचारायची, "डॉक्टरसाहेब, याला आणखी काही आहे का?" रुग्णाच्या संमतीवाचून तिला सांगता येत नाही, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही नाही. पण तिला तोडून टाकणंही परवडत नाही. पुढच्या तपासणीची आठवण तीच करणार. "काहींना हा आजार चिवट असतो, त्यांना जास्त दिवस बघावं लागतं," एवढं मी सांगायचो. ते खरंही होतं. बाकीचं रुग्णावर सोडायचं. काहींनी नंतर आपणहून तिला सांगितलं, आणि मग तीच एआरटीच्या तारखाही सांभाळायला लागली.

बायकोच्या आणि मुलांच्या चाचणीचा विषय मात्र रुग्णावर सोडून बसू नये. वेळ घ्यावा, पुन्हा पुन्हा बोलावं, पण सुट्टी देण्याआधी तो मार्गी लावावा.

९. सुट्टीच्या दिवशी उपचार संपत नाही

पंधरवड्यात ताप जातो, भूक लागते, माणूस वॉर्डातल्या टीव्हीसमोर हसायला लागतो. त्याला वाटतं बरा झालो, आणि आपल्यालाही तसंच वाटायला लागतं. पण कोर्स संपल्यावर मज्जा तपासून परजीवी गेला का ते पाहिल्याशिवाय कागदावर "बरा" लिहू नये. गेला असला तरी आजार सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी त्याहून उशिरा उलटतो. सीडी४ २०० च्या खाली असलेल्यांत जास्त. आणि काळा आजार स्वतःच सीडी४ दाबून ठेवतो, त्यामुळे विषाणू आटोक्यात आला तरी आकडा वर सरकायला फार वेळ लागतो. ज्यांचा आजार उलटण्याची भीती आहे त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी अँफोटेरिसिनचा राखणीचा डोस देतात, सीडी४ वर चढून टिकेपर्यंत. कागदावर हे सोपं आहे. रोजंदारीवरचा माणूस महिन्याला दोन दिवस बुडवून, बस आणि मग ऑटो करून येतो का, यावर सगळं अवलंबून असतं.

आणि तो तिथे असतो का, यावरही. छठला सगळी गावं भरतात, छठ संपली की पंजाब, सुरत, मुंबईच्या गाड्या भरतात. "दोन महिन्यांनी या" असं मोघम सांगण्यापेक्षा "या छठला आलात की आधी इथे या, मग घरी" हे जास्त पाळलं जायचं. मी सुट्टीच्या कागदावर तीन ओळी हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहायचो: ताप आला तर, पोटात डावीकडे जड वाटलं तर, भूक मेली तर, हा कागद दाखवा. खाली औषधाची मात्रा आणि तारखा. "एचआयव्ही" हा शब्द त्या कागदावर नसायचा, तो हिरव्या पुस्तिकेत.

बांगलादेशाने २०२३ मध्ये काळ्या आजाराच्या निर्मूलनाचं प्रमाणपत्र मिळवलं. आपल्याकडेही ब्लॉकमागे दहा हजार लोकांत एकाहून कमी रुग्ण, ही रेघ गाठली आहे. फवारणी, पट्टी, एक डोस, या सगळ्याने ते साधलं. मला वाटतं, आता जे थोडे उरले आहेत त्यांच्यात या दुहेरी आजाराच्या माणसांचं वजन मोठं आहे. त्यांच्या रक्तात परजीवी भरपूर असतो, पुन्हा पुन्हा येतो, आणि गावात माशी अजून आहे. रुग्ण कमी झाले की वॉर्ड बंद होतात, प्लीहेत सुई घालणारे हात निवृत्त होतात, नव्या डॉक्टरने हा आजार फक्त परीक्षेपुरता वाचलेला असतो. निर्मूलनानंतर खर्च कमी करायचाच असेल तर तो इतरत्र करावा. दर दोन-तीन जिल्ह्यांमागे मज्जा तपासणारी एक प्रयोगशाळा, अँफोटेरिसिनच्या काही कुप्या आणि एआरटी केंद्रात एक आरके-३९ ची पेटी एवढं तरी चालू राहिलं पाहिजे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या एआरटी केंद्रांतही ती पेटी ठेवायला हरकत नसावी.